उंच पोरगा म्हणजे सेंटरच का? तलवाड्याच्या मैदानावरचा एक वाद

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून एसटीत बसला असाल, शेतात पाणी धरत असाल किंवा अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात ठेवून गुपचूप ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय बास्केटबॉलचा आहे. लगेच पुढे ढकलू नका. क्रिकेट, कबड्डी, कुस्ती, काहीही खेळत असाल तरी हा विषय तुमचा आहे. कारण प्रश्न असा आहे: वाढत्या वयातल्या पोराचं शरीर बघून त्याची जागा कोणी ठरवायची, आणि कधी?

गोष्ट आमच्या तलवाड्याची. गेवराई तालुका, बीड जिल्हा. बाहेरच्यांना आमचं गाव त्वरितादेवीमुळे माहीत असतं. बास्केटबॉलसाठी कुणालाच माहीत नाही, आणि त्यात गावाची काही चूक नाही. आम्ही खेळतो तिथे मातीचं मैदान आहे, एका बाजूला लोखंडी खांबावर रिंग आहे, दुसऱ्या बाजूची रिंग वाकलेली आहे. चौदा-पंधरा पोरं आणि दोन बॉल. मी नोकरीला छत्रपती संभाजीनगरला असतो. शनिवारी-रविवारी गावी आलो की संध्याकाळी मैदानावर जातो. बाकीचे दिवस शाळेचे क्रीडा शिक्षक, म्हणजे आमचे सर, पोरांना खेळवतात. सरांचं नाव घेत नाही, पोराचंही घेत नाही. ते नववीत शिकतं, तेवढं पुरे.

तर हे पोरगं. मागच्या वर्षी जूनमध्ये त्याची उंची भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून मोजली, १७३ सेंटीमीटर. या जूनमध्ये त्याच भिंतीवर मोजली, १८३. एका वर्षात १० सेंटीमीटर! म्हणजे सरळ ६ फूट. आजी म्हणते, "दारातून वाकून यावं लागतंय रं लेकराला, चौकट कपाळाला लागती."

आता ६ फुटाचं पोरगं शाळेच्या संघात आलं की काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. सर म्हणाले, "तू रिंगखाली उभा राहा. हात वर. बॉल आला की घ्यायचा आणि टाकायचा. ड्रिबल करायचं नाही." झाला सेंटर!

### पाच जागा, दोन मिनिटांत

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. संघात मैदानावर पाच जण असतात. पॉइंट गार्ड बॉल घेऊन वर येतो आणि डाव मांडतो. शूटिंग गार्ड लांबून नेम मारतो. स्मॉल फॉरवर्ड सगळीकडे पळतो, थोडं थोडं सगळं करतो. पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर हे रिंगजवळचे गडी. धक्के खायचे, अंगानं माणूस अडवायचा, रिंगला लागून उडालेला बॉल पकडायचा, म्हणजे रिबाउंड घ्यायचा. रिंग जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर. साहजिकच उंच माणूस तिच्याजवळ आणि बुटका माणूस बॉलजवळ, असा जुना हिशोब आहे.

माझं म्हणणं होतं की या पोराला बाहेर खेळवा. त्याला बॉल हातात द्या, पळू द्या, पास करू द्या, चुकू द्या. सरांचं म्हणणं होतं, रिंगखालीच. यावरून आमचा जुलै-ऑगस्टभर वाद चालला. चहाच्या टपरीवर, मैदानाच्या कडेला, फोनवर, व्हॉट्सॲपवर.

### आधी सरांची बाजू

मी सरांच्या विरुद्ध होतो, म्हणून त्यांची बाजू आधी सांगतो आणि नीट सांगतो. कारण ती कच्ची नाही.

सर म्हणाले, "अरे बाबा, तू दोन दिवस येतोस. माझ्याकडं तास किती आहे? साडेपाच ते साडेसहा. बॉल दोन. ह्याला गार्ड करायचं तर रोज अर्धा तास एक बॉल ह्याच्याच हातात द्यावा लागंल. मग बाकीच्या तेरा पोरांनी काय करायचं?"

दुसरं म्हणाले, "स्पर्धा जिंकली तर ह्याच पोरांना उपयोग आहे. दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्याच्या घरी कोयता आहे त्याला प्रमाणपत्र म्हणजे काय, हे तुला शहरात बसून कळायचं नाही."

हे मला लागलं, कारण खरं होतं. या पोराचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते, उन्हाळा लागेपर्यंत पोरगं आणि आजी दोघंच घरी. अशा घरातल्या पोराला "आत्ता जिंकू नको, पुढचं बघ" असं सांगणं फार सोपं आहे. पुढचं बघायला घरात धान्य लागतं.

तिसरं सर म्हणाले, आणि हेही बरोबरच होतं, "सेंटर म्हणजे काय नुसता खांब असतो का? पाठीमागं माणूस घेऊन वळणं, पाय न उचलता फिरणं, दोन्ही हातांनी टाकणं, हे शिकायला वर्षं जातात. तू त्याला हलकं समजू नको."

आता निकोला योकिच बघा. सर्बियाचा, सेंटर. २०१४ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, ४१व्या क्रमांकावर निवडला गेला. उडी जेमतेम, पळणं संथ. पण २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. सेंटरच आहे तो. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तो सेंटर असून पास गार्डसारखे देतो. बॉल त्याच्या हातात असतो, बाकीचे त्याच्याभोवती पळतात. म्हणजे सरांचं उदाहरण शेवटी माझ्याच बाजूला येऊन बसलं. पण हे मला वादात सुचलं नाही, नंतर एसटीत सुचलं. असंच होतं ना नेहमी?

### माझी बाजू, आणि त्यात माझा स्वार्थ

आता माझं. खरं सांगायचं तर माझ्या मतामागं माझंच जुनं दुखणं आहे.

मी सातवी-आठवीत वर्गात सगळ्यात उंच होतो. मिसरूडही सगळ्यांच्या आधी फुटलं. मला तेव्हाच्या एका शाळेच्या संघात रिंगखाली उभं केलं. दोन वर्षं मी जिल्ह्यात भारी होतो. मला ड्रिबल कोणी शिकवलं नाही, मीही शिकलो नाही, गरजच नव्हती. दहावीपर्यंत बाकीची पोरं वाढली आणि मी थांबलो. ५ फूट ८ इंच. आजही तेवढाच आहे. म्हणजे अकरावीत मी असा खेळाडू होतो ज्याची उंची गार्डची आणि हातात कला सेंटरची. संघातून कधी बाहेर पडलो ते मलाही कळलं नाही.

यात कोणी वाईट वागलं नाही. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही: मी उंच नव्हतो, मी लवकर वाढलो होतो. दोन्ही वेगळं आहे.

मित्रांनो, मुलींमध्ये उंचीची मोठी उसळी साधारण ११-१२ व्या वर्षी येते, मुलांमध्ये १३-१४ व्या वर्षी. पण हे सरासरीचं झालं. कोणाला दोन वर्षं आधी येते, कोणाला दोन वर्षं उशिरा. त्यामुळे चौदा वर्षांखालच्या संघात जन्मतारीख सारखी असली तरी एकाचं शरीर सोळाचं असतं आणि एकाचं बाराचं. आपण ज्याला गुणी म्हणतो तो पुष्कळदा नुसता लवकर पिकलेला असतो. आणि ज्याला "बारका आहे, पुढच्या वर्षी ये" म्हणतो, तो पुढच्या वर्षी येतच नाही.

आता माझा मुद्दा. बॉल हाताळायला शिकलेलं पोरगं पुढे आणखी उंच झालं, तर ती कला वाया जात नाही, उलट दुप्पट किमतीची होते. पण फक्त रिंगखाली उभं राहायला शिकलेलं पोरगं उंच झालंच नाही, तर हातात काही उरत नाही. धोका एकाच बाजूला आहे.

पहिल्याचं उदाहरण अँथनी डेव्हिस. शाळेत असताना ६ फूट २-३ इंचांचा गार्ड होता. मग उसळी आली आणि शाळा संपेपर्यंत ६ फूट १० इंच झाला. शरीर सेंटरचं, हात गार्डचे. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो, २०१३ मध्ये १५वा निवडला गेला, त्यानंतरही त्याची उंची वाढतच राहिली. एवढा उंच माणूस, पण प्रशिक्षक जेसन किडनं त्याच्या हाती बॉल देऊन त्याला पॉइंट गार्डसारखं खेळवलं. २०२१ मध्ये अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्यानं ५० गुण केले आणि मिलवॉकी जिंकलं.

सर म्हणाले, "सगळी उदाहरणं अमेरिकेची. आपल्याकडचं सांग."

### आपल्याकडचं उदाहरण

आपल्याकडचं म्हणजे सतनाम सिंग. पंजाबातलं बल्लो के नावाचं खेडं, शेतकऱ्याचं घर. पोरगं लहानपणापासून ताडमाड. लुधियानाच्या अकादमीत गेलं, २०१० मध्ये चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फ्लोरिडाला. उंची ७ फूट २ इंच. २५ जून २०१५ ला डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. त्याच्यावर माहितीपटही निघाला.

पण त्याच महिन्यात काय झालं बघा. जून २०१५, अंतिम फेरी. गोल्डन स्टेट वॉरियर्स २-१ नं मागे. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी चौथ्या सामन्यात आपला सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगट बाहेर बसवला आणि त्याच्या जागी ६ फूट ६ इंचांचा आंद्रे इग्वोडाला सुरुवातीपासून खेळवला. सगळे पळणारे, सगळे लांबून मारणारे. मालिका ४-२ नं जिंकली, आणि तोच इग्वोडाला अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणजे ज्या महिन्यात आपला सात फुटी पोरगा रिंगखालची नोकरी मागायला दारात उभा राहिला, त्याच महिन्यात ती नोकरी कमी व्हायला लागली होती. सतनाम एनबीएच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळू शकला नाही. पुढे उत्तेजक चाचणीतल्या बंदीनं आणखी दोन वर्षं गेली, आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

सतनामला कमी लेखायचं नाही मला. ७ फूट २ इंचाचा माणूस गार्ड होणार नव्हता, हे मान्य. आणि तो जिथवर पोचला तिथवर त्याच्याआधी आपल्याकडचा कोणीच पोचला नव्हता. मला एवढंच दिसतं की आपण पोराला एका जागेसाठी सात-आठ वर्षं घडवतो, आणि तेवढ्या काळात खेळच बदलतो. जागा बदलते. हातातली कला तेवढी सोबत राहते.

जिल्ह्यातलं बोलायचं तर अविनाश साबळे आपलाच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेला चालत-पळत जाणारं पोरगं, बारावीनंतर सैन्यात. सियाचिनला राहिला, राजस्थानात राहिला. सैन्यातच क्रॉसकंट्री पळायला लागला आणि ३००० मीटर स्टीपलचेसकडे २०१७ मध्ये वळला, म्हणजे वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये भुवनेश्वरला, गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. दहावीत त्याला कोणी विचारलं असतं की "तुझी शर्यत कोणती?" तर त्याला उत्तर देता आलं नसतं. बरं झालं कोणी त्याच्या वतीनं उत्तर दिलं नाही.

हे ऐकून सर गप्प बसले. मला वाटलं मी जिंकलो. पण वाद संपला तो वेगळ्याच कारणानं.

### गुडघा

ऑगस्टमधला एक शनिवार. सराव संपला. पोरगं खांबाला टेकून बसलं होतं आणि गुडघ्याच्या वाटीच्या खाली दाबत होतं. मी म्हणलं, "काय रे?"

"काही नाही दादा. उडी मारली की कळ येती."

"कधीपासून?"

"महिना झाला."

"सरांना सांगितलं का?"

"सांगितलं तर बसवतील ना."

महिनाभर. आम्ही दोघं चहा पीत ह्याची जागा कोणती यावर भांडत होतो, आणि ज्याच्यावरून भांडत होतो त्याच्या पायात कळ येत होती. आम्ही दोघांनीही त्याला विचारलं नव्हतं. खेळतोस कुठे, हेही नाही आणि दुखतं का, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी घरी गेलो. आई-वडिलांशी बोललो, सोमवारी वडील त्याला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून नीट सांगतो.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा थर असतो. उंची तिथून वाढते. हाड भराभर लांब होतं, स्नायू आणि त्यांचे दोर मागून येतात, म्हणून ताणलेले राहतात. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे प्रत्येक उडीला ओढ बसते. रोज शंभर उड्या म्हणजे शंभर हिसके, तेही कच्च्या जागेवर. मग तिथं दुखतं, कधी टेंगूळ येतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण तोवर उड्या कमी करायच्या, दुखलं की थांबायचं, मांडीचे स्नायू हळूहळू ताणायचे आणि मजबूत करायचे.

आणि आता सांगा, संघात सगळ्यात जास्त उड्या कोण मारतं? रिंगखालचा गडी!

अजून एक. वाढीच्या त्या वर्षात आधी पावलं आणि पाय लांब होतात, धड नंतर. त्यामुळे पोरगं अचानक बावळटासारखं धडपडायला लागतं. कालपर्यंत जमणारा लेअप आज चुकतो. आपण म्हणतो, "आळशी झालास, लक्ष कुठंय?" लक्ष जागेवरच असतं, पाय नवे असतात. त्या वर्षी पोरावर ओरडू नका, आणि त्या वर्षीच्या खेळावरून त्याचं भविष्यही सांगू नका.

एक सूचना: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, लंगडणं किंवा ताप असेल तर "वाढीचं दुखणं आहे" म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

### ताटातलं काय?

त्या रविवारी आजीनं फडताळातून एक डबा काढून दाखवला. उंची वाढवायची पावडर. ऊसतोडीच्या उचलीतले पैसे. मी काय बोलणार? आजी प्रेमानं आणते. पण तुम्हाला सांगतो, पावडरीनं उंची वाढत नाही. लोंबकळून वाढत नाही. बास्केटबॉल खेळूनही वाढत नाही. उंच पोरं बास्केटबॉलकडे येतात, म्हणून आपल्याला उलटं वाटतं. उंची मुख्यतः आई-वडिलांकडून येते. आपल्या हातात एवढंच की जेवढी यायची तेवढी पूर्ण यावी. त्यासाठी पोटभर जेवण, झोप आणि आजारपण टाळणं.

आता या पोराचा दिवस मांडला. सकाळी दहाला भाकरी खाऊन शाळेत. पाचला सुटलं की तसंच मैदानावर. घरी साडेसातला. म्हणजे दहा ते साडेसात, मध्ये काही नाही. मी विचारलं, "शाळेत जेवण मिळतं ना?" तर म्हणालं, "दादा, ते आठवीपर्यंत असतं."

मित्रांनो, हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. शालेय पोषण आहार पहिली ते आठवी. म्हणजे मुलगा तेरा-चौदाचा होतो, शरीर जोरात वाढायला लागतं, आणि बरोबर त्याच वर्षी शाळेतलं ताट बंद होतं. त्यातच आई-वडील कारखान्यावर. गेल्या हिवाळ्यात तर आजीला बरं नसलं की हेच पोरगं भाकरी थापायचं आणि खेळायलाही यायचं. आम्ही त्याला म्हणत होतो, "अंग धर, धक्का दे."

मग आम्ही काय केलं? फार काही नाही. दप्तरात फडक्यात बांधून शेंगदाणे, गूळ, फुटाणे. मधल्या सुट्टीत एक भाकरी जास्तीची, सोबत उसळ किंवा पिठलं. मैदानावरून घरी गेल्यावर दोन अंडी, कारण घरी कोंबड्या आहेत आणि आजी ती विकत होती. आजी म्हणाली, "पावडरीपरीस अंडी बरी व्हय? मग आधी का नाही सांगितलं?" आणि झोप. रात्री बारापर्यंत मोबाईलवर रील्स बघून सकाळी पाचला पळायला उठणं याला मेहनत म्हणत नाहीत. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. हे ऐकणाऱ्यांपैकी अर्धे जण आत्ता अंथरुणात असतील, त्यांनी हा भाग संपला की फोन बाजूला ठेवा.

व्यायामाचं पण विचारता तुम्ही: "दादा, वजनं उचलली की उंची खुंटते का?" नाही. कोणीतरी जाणतं समोर असेल, वजन हलकं असेल आणि पद्धत बरोबर असेल तर खुंटत नाही. पण आपल्याला आधी वजनांची गरजच नाही. बैठका, जोर, एका पायावर उभं राहणं, आणि उडीवरून खाली येताना गुडघे वाकवून, आवाज न करता उतरणं. मांजरासारखं. एवढं नीट जमलं की मग पुढचं.

मुलींसाठी एक वेगळं सांगतो. तुमची उसळी आधी येते, पाळी सुरू होते, आणि लोहाची गरज वाढते. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, ती खिडकीतून टाकू नका. दम लवकर लागतो त्याला पुष्कळदा आळस कारण नसतो, रक्त कमी असतं. आणि उंच आहात म्हणून वाकून चालू नका. "एवढी उंच, स्थळ कसं मिळायचं" म्हणणारे म्हणू देत. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय महिला बास्केटबॉल संघाचं कर्णधारपद सांभाळलंय. उंची लपवून ते होत नसतं.

### मग ठरलं काय?

सर आणि मी त्या रात्री टपरीवर बसलो. सर म्हणाले, "आपण दोघंही त्याला जागा देत होतो. त्याला आधी शरीर होऊ द्यायला पाहिजे." हे वाक्य सरांचं आहे, माझं नाही. श्रेय त्यांचं.

आम्ही ठरवलं ते असं. तीन आठवडे उड्या बंद. त्या काळात बसून-उभं राहून डाव्या हाताचं ड्रिबल, भिंतीवर पास, जवळून जमिनीवर पाय ठेवूनच नेम. बॉलचा प्रश्न सरांनी सोडवला: अर्धा तास सगळ्यांची जागा बदलायची. उंच पोरानं बॉल वर आणायचा आणि सगळ्यात बारक्या पोरानं रिंगखाली माणूस अडवायला शिकायचं. आधी सगळे हसले. आता त्या बारक्या पोराला अंगानं अडवणं उंच पोरापेक्षा चांगलं जमतं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंतीवर माप. सकाळी, अनवाणी, डोक्यावर पुस्तक आडवं धरून. सकाळीच का, तर दिवसभरात पाठीचा कणा दबून संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. माप जोरात वाढत असेल तर त्या महिन्यात उड्या कमी.

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची सतरा वर्षांखालची स्पर्धा झाली. तीन आठवडे पुरे व्हायला दोन दिवस बाकी होते. पहिल्या सामन्यात पोरगं बाकावर बसलं, आपण जिंकलो. दुसऱ्यापर्यंत मुदत भरली होती. त्यात सरांनी त्याला दहा मिनिटं बाहेरच्या बाजूला खेळवलं. त्यानं दोन पास असे दिले की मी उभा राहिलो. आणि तीनदा बॉल गमावला. आपण चार गुणांनी हरलो.

परत येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. गावात मात्र बोलले. "ह्याला रिंगखाली उभं केलं असतं तर जिंकलो असतो." खरं सांगू? कदाचित जिंकलो असतो. ते प्रमाणपत्र बाकीच्या पोरांनाही मिळालं असतं. ती किंमत आम्ही मोजली, आणि ती आमच्या दोघांच्या खिशातून गेली नाही, पोरांच्या खिशातून गेली. हे मी लपवणार नाही. सर पोराला एक शब्द बोलले नाहीत. मला फक्त म्हणाले, "पुढच्या वर्षी नाही जिंकलो तर तू गावाला उत्तर दे." म्हणलं, देतो.

आता त्याचा गुडघा बरा आहे. पूर्ण नाही, पण उडीला कळ येत नाही. आई-वडील परत कारखान्यावर गेलेत. शेवटच्या मापाला १८५. तो सेंटर होईल, फॉरवर्ड होईल, गार्ड होईल, का बास्केटबॉल सोडून पोलीस भरतीला पळेल, मला माहीत नाही. परवा मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, "तुला कुठं खेळायला आवडतं रे?"

थोडा वेळ बॉल आपटत राहिला आणि म्हणाला, "दादा, जिथून सगळे दिसतेत तिथं."

माझ्याकडे यावर काही बोलायला नव्हतं. मी म्हणलं, "मग बॉल घे आणि वर आण."

तर मित्रांनो, तुमच्या शाळेत, तालमीत, मैदानावर असा वाद चालू असेल तर तीन प्रश्न विचारा. हे पोरगं उंच आहे, का फक्त लवकर वाढलंय? त्याला कुठं दुखतंय? आणि ते जेवलंय का? जागेचं नंतर बघू. तिला घाई नाही, सोळा-सतराव्या वर्षीसुद्धा ती मिळते. साबळेला तर बाविसाव्या वर्षानंतर मिळाली.

तुमच्याबरोबर असं झालं असेल, तुम्हाला चुकीच्या जागेवर उभं केलं असेल किंवा कोणी योग्य वेळी तिथून हलवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि पंखा बंद करून, मागच्या वेळी अर्ध्या नोट्समध्ये पंखाच ऐकू येत होता.

पुढच्या भागात भेटू. तोवर खेळत राहा, आणि आधी जेवून घ्या.